जेवताना गुरगुरणारा बोका : अन्नावरून होणारी आक्रमकता कशी समजून घ्यावी आणि कशी हाताळावी?

मूळ धागा

आमच्या घरी दोन मांजरे आहेत. मनी ही चार वर्षांची भाटी आणि गोट्या हा दहा महिन्यांचा, नसबंदी झालेला बोका. गोट्या साधारण सात आठवड्यांचा असताना एका उभ्या गाडीच्या चाकावर चढून बसलेला सापडला होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि आईचा किंवा भावंडांचा कुठेही पत्ता नव्हता. घरी आणले त्याच रात्री ओल्या खाद्याचा पहिला घास घेताना त्याने घशातून जो आवाज काढला, तो एवढ्याशा जिवातून येऊ शकतो यावर आमचा विश्वास बसेना. तेव्हा आम्ही समजूत करून घेतली की बिचारा उपाशी आहे, चार दिवस पोटभर खाल्ले की शांत होईल.

आता आठ महिने झाले, त्याला एकदाही उपाशी राहावे लागलेले नाही, आणि तरीही तो आवाज गेलेला नाही. भांडे जमिनीवर टेकण्याआधीच तो त्यात तोंड घालतो, पुढचे दोन्ही पंजे भांड्याच्या दोन बाजूंना रोवतो, कान मागे चिकटवतो आणि गुरगुरत गुरगुरत मिनिटभरात सगळे संपवतो. आठवड्यातून दोनतीनदा तरी कोरड्या खाद्याचे तेच न चावलेले दाणे तो पुढच्या काही मिनिटांत ओकून टाकतो. स्वतःचे संपले की मनीच्या भांड्याकडे धाव घेतो. मनी स्वभावाने सौम्य आहे, ती लगेच मागे सरते, आणि अलीकडे तर तो स्वयंपाकघरात असेपर्यंत ती आत पाऊलही टाकत नाही.

गेल्या आठवड्यात भांडे भिंतीपाशी सरकवण्यासाठी मी हात पुढे केला, तेव्हा त्याने माझ्या तर्जनीला कडकडून चावा घेतला. हाच बोका रात्री माझ्या मानेशी डोके खुपसून झोपतो, त्यामुळे चाव्यापेक्षा त्याच्या डोळ्यांतील अनोळखी भाव मला जास्त लागला. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे की तो मुळातच हावरट आणि रागीट आहे, त्याला एकदा धाक दाखवायला हवा. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय करावे हेही सुचत नाही. असा अनुभव कुणी घेतला असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी पशुवैद्य आहे. आधी तुमच्या बोटाविषयी लिहितो. मांजराचा दात बारीक आणि लांब असतो, त्यामुळे वरून जखम ठिपक्याएवढी दिसली तरी तोंडातील जिवाणू खोलवर पोहोचलेले असतात. हाताच्या सांध्याजवळ किंवा कंडऱ्यांजवळ असा चावा असेल तर एक-दोन दिवसांत सूज आणि ठणका सुरू होऊ शकतो. चावल्यावर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटे जखम धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. बोक्याचे रेबीजचे लसीकरण झाले आहे की नाही, हेही त्यांना सांगावे. तुम्ही अजून दाखवले नसेल तर आजच दाखवा.

आता बोक्याविषयी. वागणुकीवर उपाय करण्याआधी भूक खरोखर शरीरातून येते आहे का, हे तपासायला हवे. या वयात पहिला संशय जंतांवर घ्यावा लागतो. अनेकदा लोक सांगतात की जंतांचे औषध देऊन झाले आहे, परंतु गोल जंतांवर चालणारी सगळीच औषधे पट्टकृमींवर (फितीसारख्या चपट्या जंतांवर) चालत नाहीत. मांजरांमध्ये नेहमी आढळणारा एक पट्टकृमी तर पिसवांमधून पसरतो. अंग चाटताना बाधित पिसू गिळली गेली की जंत पोटात जातो, म्हणून पिसवांचा बंदोबस्त न करता नुसती गोळी दिली तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. शेपटीखालच्या केसांना किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसतात का, ते पाहा.

दुसरी गोष्ट तोंडाची. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दात दुखत असेल तर मांजर भुकेने भांड्याकडे धावते आणि घास घेताच वेदनेने गुरगुरते. पाहणाऱ्याला ते अन्नाचे रक्षण वाटते. आतड्यांचा जुना दाह आणि स्वादुपिंडाची पाचकरसांची कमतरता यांतही खाल्लेले अंगी लागत नाही. स्टिरॉइडची औषधे चालू असतील तर त्यांनीही भूक बेसुमार वाढते. वजन, विष्ठेची तपासणी आणि तोंडाची नीट पाहणी एवढे करून घ्या. दिवसातून किती वेळा आणि किती मोजून खायला देता, तेही इथे लिहा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. बोट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले होते, प्रतिजैविके पूर्ण झाली आहेत आणि गोट्याचे लसीकरणही झालेले आहे. तुमचा प्रतिसाद वाचून काल त्याला तपासणीसाठी नेले. वजन 3.9 किलो भरले, दात आणि हिरड्या स्वच्छ आहेत. पांढरे तुकडे मात्र सापडले, आणि तेही मी रोज झटकते त्याच पांघरुणावर! इतके दिवस मी त्यांना कसला तरी कचरा समजत होते. पट्टकृमीचे औषध दिले असून दोन्ही मांजरांना पिसवांचे औषधही लावले आहे.

खायला सकाळी सात आणि संध्याकाळी सात असे दोनदा देते. दोघांची भांडी स्वयंपाकघरात एकाच भिंतीशी, साधारण हातभर अंतरावर असतात.

प्रतिसाद २

माझ्या मते हे लहानपणीच मोडायला हवे होते. आमच्याकडे पूर्वी कुत्रा होता, तेव्हा त्याच्या ताटात मुद्दाम हात घालून, मधूनच ताट उचलून, पुन्हा ठेवून आम्ही त्याला सवय लावली होती. अन्न आपल्या हातात आहे, ते आपण केव्हाही काढून घेऊ शकतो, हे त्याला कळले की तो नमतो. मांजरालाही जाड हातमोजे घालून हेच करून पाहावे आणि गुरगुरल्यास मानेला धरून खाली दाबावे.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसाद चांगल्या हेतूने लिहिला आहे याची मला खात्री आहे, परंतु तो सल्ला कृपया अमलात आणू नये. मीही माझ्या पहिल्या मांजरीच्या बाबतीत हीच चूक सहा महिने केली आणि नंतर ती निस्तरायला वर्ष गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

गुरगुरणारे मांजर "हे माझे आहे" असे म्हणत असते हे अर्धेच खरे. "हे आता जाणार" अशी भीती त्याच्या मुळाशी असते. आपण ताट उचलून दाखवतो तेव्हा ती भीती खरी असल्याचा पुरावाच त्याच्या हाती देतो. कुत्र्याच्या बाबतीतही आता हा प्रकार चुकीचा मानला जातो, आणि मांजराची घडण तर त्याहून वेगळी. पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करते आणि एकट्यानेच खाते. उंदीर दोघांत वाटून खाण्याची रीत त्याच्याकडे नाही. त्यामुळे जेवताना कुणी जवळ आले की त्याला सोबत मिळत नाही, वाटेकरी दिसतो. मानेला धरून दाबल्यास गुरगुरणे कदाचित थांबेलही, पण गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते. ती सूचना आपण मारून टाकली की पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावतो. माझ्या मांजरीने अगदी हेच केले.

उपयोग झाला तो अंतराचा. पद्धत अशी. ती जेवत असताना मी खोलीच्या दारात उभी राहायचे आणि ती कुठे अस्वस्थ होते ते बघायचे. गुरगुरणे ही फार पुढची पायरी आहे. त्याआधी चावण्याचा वेग वाढतो, खांदे भांड्यावर झुकतात, कान किंचित बाजूला वळतात, शेपटीचे टोक फटकन हलते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. यांपैकी काहीही दिसणार नाही असे अंतर शोधायचे. आमच्याकडे ते नऊ पावले निघाले. त्या जागेवरून मी उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा भांड्याच्या जवळ टाकायचे आणि लगेच वळून निघून जायचे. निघून जाणे यात सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण माणूस येतो, काही नेत नाही, उलट भांड्यातल्यापेक्षा चांगले काहीतरी देऊन जातो, हाच धडा तिला शिकवायचा असतो. भांड्यात साधे खाद्य आणि वरून टाकलेला तुकडा तिच्या खास आवडीचा, असा फरक ठेवावा, नाहीतर देवाणघेवाणीला अर्थ राहत नाही.

तीन-चार दिवस सलग ती निवांत राहिली की एक पाऊल पुढे. कान वळले की दोन पावले मागे, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. आठ-नऊ आठवड्यांनी मी भांड्याशेजारी तुकडा टाकला तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि शेपटी उभी केली. मी तिथेच थांबले. भांड्याला हात लावण्याची मला आजही गरज पडत नाही. रिकामे भांडे ती खोलीबाहेर गेल्यावर उचलते.

प्रतिसाद १ (पशुवैद्य)

प्रतिसाद ३ शी पूर्ण सहमत आहे. त्याला जोडून एक आकडा देतो. एका लहान उंदरातून मांजराला साधारण 30 किलोकॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला ढोबळमानाने 200 ते 250 लागतात, म्हणजे निसर्गात त्याला दिवसभरात सात-आठ वेळा तरी छोटी छोटी शिकार साधावी लागते. त्याचे पोट आणि त्याचा दिनक्रम या वेळापत्रकाला जुळलेले आहेत. आपण मात्र दोन मोठी जेवणे देतो आणि मध्ये बारा तासांची पोकळी ठेवतो. ज्या पिल्लाने उपासमार पाहिली आहे त्याच्यासाठी ही पोकळी फार मोठी आहे. दिवसाचे एकूण प्रमाण तेच ठेवून त्याचे पाच-सहा भाग करा. तुम्ही घरी नसाल तेव्हा ठरावीक वेळी झाकण उघडणारे टायमरचे भांडे वापरा. त्यामुळे अन्नाचा संबंध तुमच्या हालचालींशी न राहता यंत्राशी जुळतो, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकताच होणारी झोंबाझोंबी पुष्कळ कमी होते.

उलटीचे कारण बहुधा वेगच असावे. दाणे पसरट थाळीत विखरून द्या, किंवा पंजाने ढकलून एकेक दाणा काढावा लागेल असे कोडे-भांडे द्या. सुरुवात अगदी सोप्या कोड्याने करावी, कारण आधीच धास्तावलेल्या मांजराला अन्न दिसते आहे पण मिळत नाही असा अनुभव आला तर ते आणखी चिडते. असे करूनही उलट्या चालू राहिल्या तर पुन्हा दाखवा.

प्रतिसाद ४

गोट्याची चर्चा चांगली चालली आहे, पण मला मनीची जास्त काळजी वाटते. ती स्वयंपाकघरात येत नाही याचा अर्थ ती घाबरून जगते आहे, आणि ते घराच्या लक्षात यायला वेळ लागतो, कारण घाबरलेले मांजर आवाज करत नाही. तिचे वजन दर आठवड्याला करा. मांजराने, त्यातही स्थूल मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचून प्राणावर बेतू शकते.

हातभर अंतर पुरेसे नाही. दोघांना जेवताना एकमेकांचे तोंडही दिसता कामा नये. आम्ही तीन मांजरांना तीन खोल्यांत, दारे लावून खायला घालतो, आणि वीस मिनिटांनी सगळी भांडी उचलतो. पाणीही दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि मलमूत्राच्या पेट्या अशा जागी ठेवा की तिथे जाण्यासाठी मनीला त्याच्या समोरून जावे लागणार नाही. अन्नावरून दबलेले मांजर इतर ठिकाणीही अडवले जाते. आम्ही ते फार उशिरा ओळखले, तोवर आमची मोठी भाटी पलंगाखाली लघवी करू लागली होती आणि आम्ही तिलाच बोल लावत होतो. त्या गोष्टीचे मला अजूनही वाईट वाटते.

दोघांना पुन्हा एकत्र आणायचे असेल तर बंद दाराच्या दोन बाजूंना, दारापासून दूर भांडी ठेवून सुरुवात करावी, मग भांडी हळूहळू दाराजवळ आणावीत आणि त्यानंतर दार बोटभर उघडावे. पण एकत्र जेवायलाच हवे असा आग्रह कशासाठी? ती हौस आपली असते.

प्रतिसाद ५

आमच्या रस्त्यावरून आणलेल्या मांजरीच्या बाबतीत आम्ही वेगळे केले. दोन महिने भांडे कायम भरलेले ठेवले. पहिले दहा दिवस ती पोट फुटेस्तोवर खायची, मग तिच्या लक्षात आले असावे की हे संपत नाही, आणि गुरगुरणे आपोआप गेले. अंतर, पावले, तुकडे यांतले काही करावे लागले नाही.

प्रतिसाद १ (पशुवैद्य)

हा मार्ग काही मांजरांना लागू पडतो हे खरे आहे. 2012 साली इटलीतील पशुवैद्यकीय तज्ज्ञांनी आठ महिन्यांच्या एका सयामी बोक्याची केस प्रसिद्ध केली होती. तो अन्नासाठी माणसांवर आणि घरातील इतर प्राण्यांवर आक्रमक होत असे, आणि त्याचे मूळ त्यांनी शारीरिक आजारात नव्हे तर मानसिकतेत असल्याचे मानले. त्याच्यावर मात्र प्रतिसाद ३ मधल्यासारखे, शिक्षेशिवाय, अन्नाजवळची माणसांची उपस्थिती हळूहळू सवयीची करत आणि ठरवून खेळ घेत उपचार केले गेले. तुमच्या मांजरीला खात्री मिळाली आणि ती पुरली, हे चांगलेच झाले.

गोट्याच्या बाबतीत मात्र मी सावधगिरीने जाईन. नसबंदीनंतर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते, त्यामुळे सदा भरलेले भांडे चार-सहा महिन्यांत एका प्रश्नाच्या जागी लठ्ठपणाचा दुसरा प्रश्न उभा करते. शिवाय घरात मनी आहे. भरलेले भांडे उघड्यावर असेल तर तो त्याचीच राखण करत बसेल.

प्रतिसाद ६

एक छोटीशी भर. आमचा बोका बारा वर्षांचा असताना अचानक असा वागू लागला. आयुष्यभर कधी ताटाकडे न पाहणारा बोका आमच्या हातातला घास ओढू लागला, रात्री आरडाओरडा करू लागला, आणि भरपूर खाऊनही त्याच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला. आम्ही वय झाले म्हणून दोन महिने घालवले. रक्ततपासणीत थायरॉइडचे प्रमाण फार वाढलेले निघाले आणि औषध सुरू झाल्यावर तो पूर्वीसारखा झाला. गोट्या लहान आहे, त्याला हे लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाचे म्हातारे मांजर नव्याने हावरे झाले असेल तर त्यांनी आधी रक्त तपासून घ्यावे, मधुमेहासकट.

धागाकर्ती (सहा आठवड्यांनंतर)

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. काही ठोस घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मनी आता शयनगृहात, खिडकीच्या कट्ट्यावर, दार लावून जेवते. पहिले चार दिवस ती दोन घास घेऊन दाराकडे बघत बसायची. आता भांडे पुसून काढते आणि तिचे वजन पाव किलोने वाढले आहे. गोट्याला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे मिळते, त्यांतली दोन जेवणे टायमरच्या भांड्यातून. उलटी गेल्या चार आठवड्यांत एकदाच झाली.

पहिला आठवडा अतिशय कठीण होता आणि पुढे येणाऱ्यांना ते माहीत असावे म्हणून लिहिते. ओरडून मागितल्यावर काही द्यायचे नाही असे आम्ही ठरवताच त्याचे ओरडणे कमी होण्याऐवजी दुप्पट झाले. पूर्वी चालणारी युक्ती चालेनाशी झाली म्हणून तो ती अधिक जोर लावून करत होता. तिसऱ्या रात्री घरातील एकाने न राहवून मूठभर दाणे दिले आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यानंतर सर्वांनी ते कटाक्षाने पाळले. प्रत्येक जेवणाआधी दहा मिनिटे दोरीच्या टोकाला पीस बांधून त्याला मनसोक्त धावायला लावतो. शिकार झाल्यावर खाणे, हा क्रम त्याला मानवतो असे दिसते.

अंतराचे सांगायचे तर आम्ही सात पावलांपासून सुरुवात केली होती. मधे एकदा घाई करून मी एकदम तीनवर गेले आणि दोन आठवड्यांची कमाई एका संध्याकाळी घालवली. सध्या चार पावलांवर आहोत. काल मी कोंबडीचा तुकडा टाकून वळले, तेव्हा मागून गुरगुर ऐकू आली नाही. दाराशी जाऊन मी मागे पाहिले. त्याने तुकडा आधीच खाल्ला होता, त्याचे पुढचे पंजे भांड्याला न लावता अंगाखाली दुमडलेले होते, आणि तो दाणे चावत होता. साडेनऊ महिन्यांत मी त्याच्या जेवणाचा कुरुमकुरुम आवाज पहिल्यांदाच ऐकला, कारण इतके दिवस तो चावतच नव्हता.

एक प्रश्न राहतो. पुढच्या महिन्यात आम्हाला पाच दिवस बाहेरगावी जायचे आहे आणि घरी येऊन खायला घालणारी व्यक्ती गोट्याला फारशी परिचित नाही. तिने त्याच्यासमोर भांडे ठेवावे की सगळी जेवणे टायमरवर सोडून तिने फक्त मनीकडे आणि पेट्यांकडे पाहावे?

प्रतिसाद ३

सगळे टायमरवर सोडावे. मात्र आतापासून त्या व्यक्तीला तीन-चारदा घरी बोलवा आणि तुमच्या सातव्या पावलाच्या जागेवरून तिला तुकडे टाकू द्या. नव्या माणसासाठी मोजणी नव्याने करावी लागते. टायमरचे भांडे तिने तो दुसऱ्या खोलीत असताना, दार लावून भरावे. आणि पाच दिवसांनी तुम्ही परत याल तेव्हा चारवरून नव्हे, पाच-सहा पावलांवरून सुरुवात करा.